धाकट्या काकीचं नाव

एक वर, एक तिथी, म्हणजे लग्न एकच. हे माझं सूत्र होतं. मुंबईच्या कचेरीत तीस वर्षं दुबार कागद शोधून काढून टाकलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? १९५८ साली निवृत्त होऊन कोकणातल्या आमच्या गावी, आचऱ्याला आलो आणि हेच सूत्र घेऊन घराण्याचा कुलवृत्तान्त लिहायला बसलो. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. त्यामुळे एकच लग्न माहेरच्या भटजींच्या वहीत एका नावाने आणि सासरच्या वहीत दुसऱ्या नावाने सापडतं. अशा चाळीसेक जोड्या मी पकडल्या, एकेक नोंद लाल शाईने उडवली आणि स्वतःवर फार खूश झालो.

माझे चुलते सत्यवानकाका तेव्हा हयात नव्हते. भटजींच्या जुन्या वहीत त्यांची चार लग्नं होती. पहिल्या दोघी बाळंतपणात गेल्या, हे मला ठाऊक होतं. तिसरी आणि चौथी नोंद एकाच दिवसाची, १९०६च्या वैशाखातली. एकीत वधू ‘अर्की’, गोत्र काश्यप, बाप अर्क, आजा सविता, पणजा आदित्य. दुसरीत नुसतं ‘सुभद्रा, पिंगुळी’. मी म्हटलं, नावं दोन, बाई एक. जिची माहिती पुरी ती नोंद ठेवली आणि सुभद्रेवर रेघ मारली.

काकांची विधवा तर गावातच होती. तिला सगळे धाकटी काकी म्हणत. तिचं खरं नाव काय, हे मी जन्मात विचारलं नव्हतं. बायकांची नावं तेव्हा विचारतो कोण?

चतुर्थीला सगळी भावकी जमली तेव्हा मी मजकूर वाचून दाखवला. ‘सत्यवान, तृतीय पत्नी अर्की, पुत्र महादू.’ दोन म्हातारे पंचात तोंड लपवून हसले. मला वाटलं, उकाड्याने घाम पुसताहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी काकी दारात उभी. सत्तरीची, काटक, हातात छत्री.

“अर्की कोण रे?”

“काकी, ते तुमचं माहेरचं नाव. नोंद दुबार होती, म्हणून एक काढली.”

“चल माझ्यावांगडा.”

तिने मला काकांच्या परसात नेलं आणि दगडी गडग्याच्या कडेला वाढलेल्या रुईच्या झुडपासमोर उभं केलं.

“ही बघ अर्की. पायां पड. काकी ती तुझी.”

“झुडूप?” मी विचारलं.

“तिसरी बायल जगणा नाय म्हणीत. म्हणान तिसरा लगीन रुयेवांगडा लायला. मी हळद लावन हयच गडग्यार बसलंय. रुयेक सूत गुंडाळला, मंगळाष्टका म्हटली, मगे माका उठयला. मी चौथी. सुभद्रा.”

अर्क म्हणजे रुईही आणि सूर्यही; सविता, आदित्य ही तर सूर्याचीच नावं. मॅट्रिकला संस्कृत घेतलेल्या मला ते कळू नये? झुडपाला मी पणज्यापर्यंत वंश दिला होता आणि बाईला खोडलं होतं. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर रागही आला, म्हातारीचाच.

“मजकूर सावंतवाडीच्या छापखान्यात गेलाय, काकी. शेवटी शुद्धिपत्र जोडतो.”

“शेवटाक? मी ह्या घरात पाठल्या दारान येयलंय?” ती गडग्यावर टेकली. “माझो म्हादू दर्यात गेलो. त्याचा काय एक ऱ्हवला नाय. तुझ्या पुस्तकात तेवढो आसा, तो रुयेच्या पोटाक घातलंस.”

महादू तिचा एकुलता एक मुलगा, पंचवीस वर्षांपूर्वी गलबतासकट बुडाला होता. छापखान्यात जाऊन ते पानच बदलून घ्यायचं मी कबूल केलं.

दोन दिवसांनी आम्ही एस.टी.ने निघालो. सावंतवाडीच्या आधी ती माहेरगावी, पिंगुळीला उतरली, म्हणून मीही उतरलो. “रुयेचे तीन पिढये लिवलंस, माझे पण लिव,” एवढंच म्हणाली. उन्हातून आम्ही पाच घरं फिरलो. चौथ्या घरात बापाचं आणि आजाचं नाव सांगणारी एक म्हातारी भेटली. पणजाचं नाव कोणालाच आठवेना.

“एखादं घालू का? कोण बघतंय?” मी विचारलं. माझे पाय दुखत होते.

“खोटा घालू नको. जागो मोकळो ठेव.”

छापखान्यात जुळाऱ्याने त्या पानाचे खिळे सोडवायला सुरुवात केली. मी त्याला अर्कीची ओळ काढून टाकायला सांगितलं. काकीने माझा हात धरला.

“तिका कित्याक काढतस? लगीन झाला तां झाला. मी बघलंय. तिका तिसरी लिव, माका चौथी.”

तसंच जुळवून घेतलं. अर्कीपुढे ‘अर्कविवाह, रुईशी’ एवढं घातलं. त्यानंतर कोणतीही नोंद उडवण्याआधी मी त्या घरी जाऊन विचारू लागलो. आधी उडवलेल्या चाळीसही पुन्हा तपासल्या. त्यात दीड वर्ष गेलं, तोवर छपाई थांबवली.

साठ साली पुस्तक आलं. पहिली प्रत मी काकीकडे नेली. तिला वाचता येत नव्हतं. “माझा बोट धरून ठेव,” म्हणाली. मी तिचं बोट ‘सुभद्रा’वर ठेवलं.

“आणि म्हादू?”

“खालच्याच ओळीत.”

तिने बोट स्वतःच खाली सरकवलं आणि मी निघेपर्यंत ते तिथून उचललं नाही.