चकमकीचं कपाळ

ओल्या गवताच्या वासात बंदुकीच्या लाकडाला चोळतात त्या जवसाच्या तेलाचा वास मिसळला की मला केंब्रिजबाहेरचं ते नेमबाजीचं मैदान आठवतं, एप्रिलचं कोवळं ऊन आठवतं, आणि या वयातही माझी मान ताठ होते.

नवं शतक लागून चार-पाच वर्षं झाली होती. हे, म्हणजे माझे पती, इथल्या इस्पितळात भूल देणारे डॉक्टर. मी ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर. निवृत्त झाल्यावर त्यांनी चकमकीवर उडणारी, ठासणीची जुनी शिकारी बंदूक घेतली. जन्मभर लोकांना झोपवल्यावर आता थोडा आवाज करावासा वाटतो, म्हणायचे. मैदानावर दारू, कापडाची चकती, गोळी, गज हे सारं मी त्यांच्या हातात क्रमानं देत असे, थिएटरमध्ये हत्यारं द्यायची तसंच. चाप मात्र मी कधी ओढला नाही.

खंडेनवमीला मी तिची पूजा करी. चकमक जिच्यावर आदळते ती उभी पोलादी पट्टी मला कपाळासारखी दिसे, म्हणून ओलं कुंकू नेमकं तिथंच लावी.

ते गेल्यावर पोलिसांनी दिलेला तात्पुरता परवाना संपायच्या आत बंदूक विकणं भाग होतं. दुकानदारानं पट्टीवरच्या गंजावर बोट ठेवलं. “इथं ठिणगी पडायची नाही, मॅडम. भिंतीवर छान दिसेल.” तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दरवर्षी दसरा सरला की हे माझं कुंकू गुपचूप पुसून टाकत असणार, मला वाईट वाटू नये म्हणून एका शब्दानं न बोलता. शेवटची दोन वर्षं ते अंथरुणातून उठले नाहीत, आणि माझ्या भक्तीनं त्यांची बंदूक खाल्ली.

“आई, तो बंदूक देऊन टाक ना, it’s just a wall piece now,” ईलिंगहून लेक फोनवर म्हणाली. तिचं व्याकरण सुधारायचं त्राण मला नव्हतं. रडूही येत होतं, पण आधी आला तो संताप, स्वतःचाच. आठवडाभर रोज दुपारी खिडकीशी बसून यांच्या धार लावायच्या बारीक दगडानं मी ती पट्टी घासली. गंज निघाला, एक तांबूस छटा तेवढी हटेना.

गिऱ्हाईक म्हणून आली ती मार्गारेट, शेजारच्या खेड्यातली साठीची शेतकरीण, रीतसर परवाना असलेली. “मला शोभेची वस्तू नकोय. उडवून दाखवा,” ती सरळ म्हणाली. नेमबाजी क्लबचे म्हातारे सेक्रेटरी देखरेखीला माझ्याजवळ उभे राहिले. या खेपेला हातात काही द्यायला कुणी नव्हतं. मी दारू ओतली, चकतीत गुंडाळलेली गोळी गजानं खाली ठासली, पट्टी कोरडी पुसली, बंदुकीच्या कानात, म्हणजे ठिणगी पडते त्या खळग्यात, चिमूटभर रंजक, ती पेट घेणारी बारीक दारू, घातली आणि दस्ता उजव्या खांद्याला लावला. ही उडाली नाही, तर ती मीच बिघडवली हे कायमचं ठरणार होतं.

चाप ओढला. ठिणग्यांचा झुबका, डोळ्यांपुढे जाळ, आणि सगळं शेतशिवार दणाणून गेलं! पांढरा धूर विरला तेव्हा निशाणाच्या काळ्या वर्तुळात भोक दिसत होतं. “Good Lord, सिस्टर!” सेक्रेटरी ओरडले, आणि मी, दोन नातवंडांची आजी, टाळ्या पिटत जागच्या जागी नाचले.

मार्गारेटनं सांगितलेल्या किमतीत एका पौंडाचीही घासाघीस केली नाही. तो तांबूस डाग कसला, एवढं विचारलं. मी सगळं सांगितलं आणि कुंकवाची डबी तिच्या हातात ठेवली. “लावायचं असेल तर लाकडाला लावा हं, लोखंडाला मुळीच नको,” मी बजावलं.

त्या खंडेनवमीला पाटावर सुरी, कात्री, माझं जुनं नर्सिंगचं घड्याळ मांडलं. मधे बंदुकीएवढी जागा रिकामी राहिली. सगळ्यांना लावून झाल्यावरही बोटाला कुंकू उरलं होतं. ते गेल्यापासून मी असं उरलेलं कुंकू नळाखाली धुऊन टाकत असे. त्या दिवशी नळापर्यंत गेले, तिथं जराशी थांबले, आणि बोट कपाळाला टेकवलं.