आप्पांचा अंगठा

“हा गाऊट आहे,” भोरच्या डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट वाचून सांगितलं. “सीरम युरिक ॲसिड वाढलंय. म्हणजे रक्तातला एक टाकाऊ पदार्थ. तो लघवीवाटे जायला हवा. साठला की सांध्यात त्याचे बारीक खडे होतात. घरात आणखी कुणाला होतं?”

“नाही,” मी म्हणालो.

शेजारी बायको बसली होती. “न्हाई कसं? मामंजींना व्हतं की. कोपरावर गाठ व्हती. फुटली की खडूवानी पांढरं यायचं.”

“मग त्यांनाही हेच असणार,” डॉक्टर म्हणाले.

मी माझ्या पायाकडे बघत राहिलो. अंगठा लालभडक सुजला होता. विजारीची कड लागली तरी डोळ्यांत पाणी येत होतं.

आमचा धनगरवाडा वेल्ह्याच्या वर, डोंगरात. शेळ्यामेंढ्या राखायच्या, हेच काम. आप्पा, म्हणजे माझे वडील, मधूनच अंथरूण धरायचे. अंगठा सुजायचा, आठ दिवसांत आपोआप उतरायचा, की पुन्हा रानात. मला वाटायचं, म्हातारा कामाची टाळाटाळ करतोय. एकदा चारचौघांत म्हणालो, “ढोंग करताय तुमी.” मग एका जाणत्याकडून अंगठ्यावर तापल्या सळईचा डाग देवविला. पाय मी दाबून धरला होता. आप्पा ओरडले, ते मला अजून ऐकू येतं.

त्यानंतर पाय दुखतो असं ते कधी म्हणाले नाहीत. दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून गुपचूप खात राहिले. शेवटी अंगावर सूज आली, लघवी बंद झाली आणि ते गेले. त्यांचं रक्त कुणी तपासलंच नव्हतं.

मला डॉक्टरांनी सूज उतरल्यावर युरिक ॲसिड कमी करणारी रोजची एक गोळी सुरू केली आणि पथ्य सांगितलं. मटण कधीमधी, तेही थोडं. काळीज, वजडी, सुकट, बोंबील बंद. दारू बंद. पाणी भरपूर. भाकरी, भाज्या, दूध-ताक चालतं. दुखण्याच्या गोळ्या आपल्या मनाने खायच्या नाहीत, त्याने किडनी, म्हणजे मूत्रपिंडं जातात.

पथ्य जमतं. जत्रेत कुणी काळीज वाढायला आलं की मी ताटावर हात आडवा धरतो. लोक हसतात, हसू देत. पण कधी पाय जरा ओढला गेला, की वाटेवर मला माझी पावलं आप्पांची वाटतात. थांबून मागं बघतो.

माझा धाकटा भाऊ कापूरहोळला गॅरेजात कामाला आहे. दिवाळीला तो घरी आला, तेव्हा त्याच्या एका चपलेचा अंगठा कापलेला दिसला.

“किती दिस झालं दुखतंय?”

“दोन वर्सं.”

“आन् बोलला न्हाईस?”

तो चप्पल घालता घालता म्हणाला, “तू ढोंग म्हनला असतास, दादा.”



दिवाळीनंतर दवाखाना उघडल्यावर त्याला भोरला नेलं. त्याचंही युरिक ॲसिड वाढलेलं. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची तपासणी, मात्र ठीक निघाली. “वेळेत आणलंत,” डॉक्टर म्हणाले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

तुमच्या घरात कुणी पाय दुखतो म्हणालं, तर आधी त्याचं खरं माना, आणि रक्त तपासा.

स्टँडवर आम्ही दोघं बाकावर बसलो. भावाने चप्पल काढून पाय लांब केला.  एसटी लागली, तसा मी उठलो, त्याची पिशवी घेतली आणि त्याच्या चालीने चालू लागलो.