सातवीतले सर

खामगावहून सकाळच्या बसने निघालो तेव्हा सोबत माझा भाचा सोहम होता. दिवाळीच्या सुट्टीत त्याला शाळेसाठी लोणारच्या सरोवरातल्या पाण्याचा नमुना आणायचा होता. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला, त्यामुळे शाळेचं काहीही निघालं की बहीण ते माझ्याकडे सोपवते. खरं सांगायचं तर मला ते आवडतं.

सोहम सातवीत आहे. पण उंची बापावर गेलेली, आवाज फुटलेला, ओठावर मिशीची काळसर रेघ, आणि त्या दिवशी अंगात माझा जुना फुल बाह्यांचा शर्ट. काठावरून डबा सोडून पाणी घ्यायला म्हणून त्याने घरची आकडी घेतली होती (बोरं पाडायची, टोकाला वाकवलेला गज असलेली लांब काठी). बगलेत झाकणाची मोठी बरणी.

मेहकरला गाडी बदलली. सोयाबीन निघून गेल्यामुळे वावरं (शेतं) काळी, उघडी पडली होती. मध्येच तुरीचे हिरवे पट्टे. सुलतानपूर मागे पडलं आणि एका फाट्याजवळ चाक पंक्चर झालं. "दुसरी गाडी मांगून येऊन राह्यली," म्हणून कंडक्टर झाडाखाली जाऊन बसला. आम्ही टपरीवर आलूबोंडा घेतला. तो चांगलाच तिखट होता.

अर्धा संपला असेल, तेवढ्यात एक तरुण मोटारसायकल दामटत आला. त्याने आकडी पाहिली, बरणी पाहिली, मग सोहमकडे पाहिलं.

"मेहकरवरून आले ना सर?"

"हो," सोहम म्हणाला. ते खोटंही नव्हतं.

"मंग बसा लवकर. वहिनीच्या खोलीत परड निघाली. लेकरू हाये आत."

परड म्हणजे घोणस. मी बोंडा गिळेपर्यंत सोहम गाडीवर बसलासुद्धा होता. त्याला एकट्याला सोडणं शक्य नव्हतं. मीही मागे चढलो.

वाटेत उलगडा झाला. गणेश नावाच्या त्या तरुणाने मेहकरच्या सर्पमित्राला फोन केला होता, पण त्याला पाहिलं कधीच नव्हतं; आकडी आणि बरणी साप धरायचीच समजून त्याने सोहमला सर्पमित्र ठरवलं होतं. गाडी खड्ड्यांतून उडत होती. उतरल्याबरोबर खरं काय ते सांगायचं, असं मी ठरवलं.

अंगणात माणसं दाटली होती. प्रत्येकाच्या हातात काठी. "सर आले, सरका," असं कोणीतरी म्हणालं आणि वाट झाली. दारातून आत पाहिलं. एका भिंतीला सोयाबीनची पोती, समोरच्या भिंतीला बाज. बाजेवर एक बाई भिंतीला पाठ लावून बसलेली, मांडीवर रांगतं पोर, खाली उतरायला धडपडणारं. बाज आणि दार यांच्या मधोमध परड वेटोळं करून बसली होती. कुकरच्या शिटीआधी वाफ सुटते तसा तिचा आवाज येत होता.

"सगळे मागे व्हा," मी म्हणालो. "मी बी.एस्सी. आहे, मला कळतं."

कोणी हललं नाही. घरातला म्हातारा, त्या पोराचा आजा, माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमी जरा बाजूले व्हा भाऊ. सरायले पाहू द्या."

मग सोहम बोलला. आवाज मध्येच चिरकला, तरी बोलला. "कोणी आत याचं नाही. काठ्या खाली ठेवा. तिले डिवचलं तर ती बाजेखाली जाईन. ताई, तुमी पाय वर घ्या, लेकराले घट्ट धरा."

काठ्या खाली गेल्या. सोहमच्या शाळेत एकदा सापांची माहिती द्यायला कोणी आलं होतं. त्या दिवशीचं त्याने शब्दाला शब्द सांगितलं.

आता माझी पंचाईत झाली. हा सातवीतला पोरगा आहे, असं म्हणालो असतो तर सगळ्या काठ्या आत शिरल्या असत्या. आणि न म्हणालो तर?

"पकडा आता सर," आजा म्हणाला. "लेकराचं कठीन हाये."

सोहमने आकडी उचलली. एक पाऊल उंबऱ्याच्या आत टाकलं. मी मागून त्याचा शर्ट मुठीत धरला. "सर आधी नुसतं पाहतात," मी मोठ्याने म्हणालो आणि त्याच्या कानाशी, "अजून एक पाऊल टाकलं तर तंगडी तोडीन बे."

तेवढ्यात गणेशचा फोन वाजला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला. "सर्पमित्र फाट्यावर उभे हायेत म्हनते," तो मला हळूच म्हणाला. "मंग हे कोन?"

"आधी त्यांना आणा. मग सांगतो."

तो पळाला. आत पोर जोरात रडू लागलं, आईचा हात सुटता सुटता राहिला. आज्याने काठी उचलली.

"आबा, काठी खाली."

म्हाताऱ्याने सोहमकडे पाहिलं आणि काठी भिंतीला टेकवली. माझ्या मुठीतला सोहमचा शर्ट मात्र घामाने भिजला होता.

सर्पमित्र आला तो बुटका, पन्नाशीचा माणूस. तो सरळ आत गेला, चिमट्याने परड उचलली, पिशवीत घातली. बाईने पोर छातीशी धरलं आणि मग कुठे ती रडली.

पिशवीला गाठ मारत त्याने विचारलं, "दाराशी कोनी थांबवलं सगळ्यायले?" सगळ्यांनी सोहमकडे बोट दाखवलं. "कितवीत हाये बे तू?"

"सातवीत."

"सातवीतल्यानं मले दटावलं?" आजा म्हणाला. "माह्या पोरायची हिंमत नाही झाली आजवर." मग सगळ्यांना हसू फुटलं. बाईने पोर सोहमच्या हातात द्यायला पुढे केलं, तर तो दोन पावलं मागे सरला. "मले नाही येत. पडलं तर?"

भाकर, बेसन आणि मिरचीचा ठेचा खाऊ घातल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. गणेशने लोणारला पोचवलं तोवर खाली उतरायची वेळ संपलेली. वरूनच पाहिलं: खोल गोल दरी, उतारावर दाट झाडी, तळाशी हिरवट पाणी. बरणी रिकामीच राहिली.

परतीच्या बसमध्ये तो टेकल्या टेकल्या झोपला, तोंड उघडं टाकून. मी बहिणीला काय सांगायचं ते जुळवत होतो. खरं बोललो असतो तर काठ्या चालल्या असत्या. बोललो नाही, म्हणून तिचं पोर सापासमोर उभं राहिलं. यातलं बरोबर कोणतं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मेहकरला गर्दी चढली. एक म्हातारी आमच्याजवळ उभी राहिली. कंडक्टर सोहमकडे बोट करून म्हणाला, "त्या भाऊले उठवा. एवढा मोठा मानूस बसून राह्यला अन् आजी उभ्या."

मी उठलो आणि आजीला माझी जागा दिली. "त्याला झोपू द्या," म्हणालो. "लेकरू आहे."