बुधवार, शुक्रवार, रविवार

घरात लहान मूल आलं की किस्से ढिगाने जमतात. ठाकुर्लीच्या आमच्या रिक्षा स्टँडवर मी रोज एक सांगतो. सगळे हसतात. खरं तर ते ताईला सांगायचे होते. ताई, माझी मोठी बहीण, तापाने गेली तेव्हा तिची ओवी चार महिन्यांची होती. दाजींची कंपनीत शिफ्ट, म्हणून ओवी आमच्याकडे, आई आणि माझ्याजवळ. फोनमध्ये ताईचा नंबर अजून सगळ्यात वर आहे. काही झालं की बोट आधी तिथेच जातं.

* * *

ओवीला सहा महिने झाले आणि उष्टावण ठरलं. पहिला घास मामानेच भरवायचा असतो, म्हणून मी स्टँडवरून धावत घरी आलेलो. चांदीची वाटी, चमचाभर तांदळाची खीर. ओवीने मिटक्या मारल्या! मी खुशीत तिच्या गालांचे मटामटा मुके घेतले.

थोड्या वेळात दोन्ही गालांवर लाल चट्टे!

ताईच्या सासूबाई खडवलीहून आलेल्या. त्या म्हणाल्या, "तुम्हाला जमत नसेल तर सांगा. मी पोरीला घेऊन जाते. महिनाभर बघते, मग येते!"

तासाभरात चट्टे गेले. मी मात्र चमचा हातात धरून तसाच बसलेलो. ताईचं माझ्याकडे राहिलेलं एवढंच होतं, आणि पहिल्याच घासाला मी ते बिघडवलं.

* * *

नौपाड्यातल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "सौम्य ऍलर्जी असू शकते. घाबरू नका. एका वेळी एकच नवीन पदार्थ, तीन दिवस. रोज वहीत लिहायचं."

"आणि जास्त झालं तर?"

"ओठ सुजले, उलट्या लागल्या, श्वासाला त्रास झाला, तर वही शोधत बसायचं नाही. सरळ हॉस्पिटल!"

मी म्हटलं, "मॅडम, हॉस्पिटलला मी तुमच्या आधी पोचेन. रिक्षा माझीच आहे!"

* * *

लिहिणं हा माझा प्रांत नाही. सातवी नापास. म्हणून मी वहीत तारीख टाकून चित्रं काढायला लागलो. चट्टे आले त्या दिवशी लाल ठिपका.

स्टँडवर सगळ्यांना ओवीचा मेनू पाठ झाला. आमचे भगवानकाका गावातले जुने, त्यांच्या घरी ताट माशाशिवाय हलत नाही. ते म्हणायचे, "कसली वही रे! आमची पोरं सुकट चोखून मोठी झाली!" पण रोज संध्याकाळी पहिला फोन त्यांचाच. एकदा मी रिक्षा चालवत असताना स्पीकरवर ओरडले, "काय रे, भोपळा लागला का अंगाला?"

मागे बसलेल्या काकू घाबरून म्हणाल्या, "दादा, आधी गाडी बाजूला घ्या, तुम्हाला लागलंय का कुठे?"

* * *

तीन आठवड्यांनी मॅडमनी वही उघडली.

"हा फुटबॉल कसला?"

"लाल भोपळा आहे, मॅडम."

त्या हसल्या. मग हसायच्या थांबल्या. ठिपके भोपळ्यावर होते, दुधीवर होते, काही नवीन दिलं नव्हतं त्या दिवशीही होते. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून समोर ठेवलं.

"बुधवार, शुक्रवार, रविवार. सगळे ठिपके याच वारांना. उष्टावण कधी होतं?"

"शुक्रवारी."

आई पुटपुटली, "देवीचं काहीतरी राहिलंय बघ."

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. "या तीन वारांना तुम्ही काय खाता?"

सोम, मंगळ, गुरू, शनी आमच्याकडे पाळतात. उरलेल्या तिन्ही दिवशी स्टँडवरच्या गाडीवर माझी भुर्जी ठरलेली. खायची, घरी यायचं आणि त्याच तोंडाने ओवीचे मुके!

"खिरीचा काही दोष नाही," मॅडम म्हणाल्या. "अंड्याचा संशय आहे. तपासून बघू. तोपर्यंत तिला घरी अंडं द्यायचं नाही. आणि तुम्ही हात-तोंड साबणाने धुतल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. तिच्या आईला होती का अशी ऍलर्जी?"

आईने माहीत नाही अशी मान हलवली. "माझ्यासमोर तिने कधी अंडं खाल्लंच नाही."

* * *

आणि आता हा शेवटचा किस्सा.

गेल्या रविवारी खडवलीच्या आजी आल्या. हातात मोठी रिकामी पिशवी. आल्या आल्या तिच्यात ओवीचे फ्रॉक भरले आणि तिला उचलायला वाकल्या.

मी दारातूनच ओरडलो, "आजी, आज रविवार आहे! आधी तोंड धुवा!"

आईने कपाळावर हात मारला. ताईच्या सासूला असं कोणी बोलतं का!

आजींनी माझ्याकडे एकटक बघितलं. मग मोरीत गेल्या, साबण लावून तोंड धुतलं, चूळ भरली. पदराला तोंड पुसत आल्या आणि दुसऱ्या छोट्या पिशवीतून एक डबा काढला. आत दोन उकडलेली गावठी अंडी.

"तुझ्यासाठी आणलीत. सून सांगायची, माझ्या भावाला अंडं लई आवडतं. शाळेत मिळायचं ते स्वतःचं पण तुलाच द्यायची ना? तिला कुठलं सोसायला! माझ्याकडे एकदा खाल्लं, तर रात्रभर हात खाजवत बसलेली."

शाळेत ताई मला म्हणायची, "मला वास येतो, तू खा." मी म्हणायचो, "नाटकी!"

मी डबा घेऊन जिन्यात जाऊन बसलो. दोन्ही खाल्ली. मग वर येऊन तोंड धुतलं. परत धुतलं. बराच वेळ नळ चालूच ठेवला.

बाहेर आलो तर मोठी पिशवी परत रिकामी होती. फ्रॉक घडी करून परत फळीवर. ओवी आजींच्या मांडीवर, आणि आजींच्या हातात माझी वही. त्यांना अक्षर येत नाही. फुटबॉलवर बोट ठेवून त्यांनी विचारलं,

"हा भोपळा हिला किती शिजवून देतोस रे?"