निळ्यातला लाल

ताईचा फोन आला तेव्हा मी ठाण्याला, वर्तकनगरमध्ये आमच्या डॉक्टरांकडे रक्तदाब तपासायला बसले होते. "शुभा, हे गेले," ती म्हणाली, आणि लगेच, मी कुठे आहे, डोंबिवलीला कशी येणार, सोबत कुणी आहे का, असं विचारू लागली. सकाळी त्यांनी चहा घेतला, पेपर अर्धा वाचला आणि खुर्चीत मान टाकली, ती टाकलीच. वय ऐंशीच्या घरातलं, अंथरूण धरलं नाही, कुणाकडून सेवा करून घेतली नाही. भेटायला येणारे "चांगलं मरण आलं" म्हणत होते आणि ते खरंही होतं. आता काही आठवडे उलटले आहेत. येणंजाणं ओसरलं की गेलेला माणूस जरा स्वच्छ दिसू लागतो... म्हणून आज हे लिहिते आहे. दिनकर भावोजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान.

भावोजींनी डोंबिवलीच्या एमआयडीसीत, कापडाचे रंग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत आयुष्यभर नोकरी केली. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा आणून द्यायचं आणि अगदी तस्साच रंग मागायचं. तो जुळवून देणं हे त्यांचं काम. दोन तुकडे शेजारी ठेवले की आपल्याला ते एकच वाटायचे, आणि भावोजी म्हणायचे, याच्यात लाल किंचित जास्त आहे. कारखान्यात त्यांची नजर म्हणजे शेवटचा शब्द होता. हळूहळू घरातही तसंच झालं. ताईच्या साड्या तेच पसंत करत. भिंती, पडदे, सोफ्याच्या खोळी, मुलीच्या लग्नातला शालू, सगळं त्यांच्या डोळ्याखालून जाई. ताई दुकानात बाजूला उभी राहायची आणि "यांना विचारा, त्यांना कळतं त्यातलं," असं दुकानदाराला सांगायची. तिच्या आवाजात तक्रार नसे, कौतुकही नसे. बाहेर पाऊस आहे, असं सांगावं तसं ती ते सांगे.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच दिवाळीत भावोजी म्हणाले, जन्मभर दुसऱ्यांचे रंग जुळवले, आता एक स्वतःसाठी शोधणार. ते शाळेपासून फाउंटन पेनाने लिहीत, पण शाई दुकानात मिळेल ती भरत. आता त्यांना आपली अशी एक शाई हवी होती. अट ऐकायला सोपी होती: निळा म्हणजे निळा, त्यात हिरवा नको आणि लालही नको. त्यासाठी ते ठाण्याची आणि कल्याणची स्टेशनरीची दुकानं पालथी घालत, कुठे पेनांचं प्रदर्शन आहे असं कळलं की तिथे जात. घरी आणलेल्या बाटलीत कापसाची काडी बुडवून जाड कागदावर पट्टा ओढायचा, तो वाळू द्यायचा, मग त्यावर पाण्याचा थेंब सोडून आतले रंग कसे पसरतात ते बघत बसायचं. बाटल्यांमागून बाटल्या बाद होत गेल्या. कारण बहुतेक वेळा एकच असे, हिरवट झाक आहे. मला तर त्या सगळ्या निळ्याच दिसत. बाद झालेल्या शाया आम्हा नातेवाइकांकडे यायच्या आणि कपाटात वाळून जायच्या.

हे दोन-तीन वर्षं चाललं. मग एका रविवारी मी गेले असताना त्यांनी माझ्यासमोर एक कागद ठेवला. सापडली, म्हणाले. कसा आहे रंग? मी खरं तेच सांगितलं, की सुंदर आहे, पण जांभळा आहे. ते मनापासून हसले आणि म्हणाले, मास्तरीणबाईंनी बाराखडी सांभाळावी, रंग आमच्याकडे सोडावेत. ताई चहा घेऊन बाहेर आली होती. तिने कागदाकडे पाहिलं, कप ठेवले आणि ती आत गेली.

त्यानंतर पुष्कळ वर्षं भावोजी त्याच शाईने लिहीत राहिले. दिवाळीची भेटकार्डं, भाचरंडांना वाढदिवसाची पत्रं, सोसायटीच्या सभांचे वृत्तांत, ताईच्या डब्यांवरची नावं... सगळं जांभळं. "भावोजींचं जांभळं पत्र आलं," असं आम्ही आपापसांत म्हणायचो. त्यांच्यासमोर मात्र कुणी काही बोललं नाही. रंगावरून त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

डोळ्यांत मोतीबिंदू आहे हे डॉक्टर बरेच दिवस सांगत होते. मला सगळं दिसतं, म्हणून भावोजी ऑपरेशन टाळत होते. अखेर एकदा रस्ता ओलांडताना रिक्षाचा धक्का लागता लागता राहिला आणि ताईने त्यांना ठाण्याला नेलं. आधी एका डोळ्याचं करायचं ठरलं, दुसऱ्याचं पुढे काही आठवड्यांनी. वेळोवेळी थेंब घालायला मदत हवी म्हणून मी त्यांच्याकडे राहायला गेले होते, त्यामुळे पुढचं सारं माझ्यासमोर घडलं.

पट्टी निघून थोडे दिवस झाले होते. लिहायला परवानगी मिळाली तशी भावोजी सकाळी टेबलाशी बसले, पेन उघडलं आणि सवयीने स्वतःचं नाव लिहिलं. मग ते थांबले. त्यांनी एक डोळा तळव्याने झाकून कागद पाहिला, मग दुसरा झाकून पाहिला. असं बराच वेळ चाललं होतं. ताई शेजारी मेथी निवडत होती.

"शाई कुणी बदलली का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"ही जांभळी आहे."

"हो."

"केव्हापासून?"

"पहिल्यापासून," ताई म्हणाली.

भावोजींनी पेनाला टोपण लावलं. "तुला दिसत होतं? मग बोलली का नाहीस?"

ताईने हातातली जुडी खाली ठेवली. "तुम्ही शुभाला विचारलंत. मला कधी विचारलंत?"

तिचा आवाज चढला नव्हता. भावोजी उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी समजावून सांगितलं. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर पिवळं पडत जातं आणि माणूस पिवळ्या काचेतून जग पाहू लागतो. बदल इतका सावकाश होतो की त्याला पत्ता लागत नाही. खरा निळा भावोजींना हिरवट दिसत होता, लाल मिसळलेला निळा तेवढा शुद्ध वाटत होता. भावोजींनी फक्त एवढंच विचारलं, की हे सुरू कधी झालं असेल. नक्की सांगता येणार नाही, डॉक्टर म्हणाले, पण नोकरीच्या शेवटच्या वर्षांतही असू शकेल. परतताना भावोजी गाडीत डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, थकले असतील.

दुसरा डोळा झाल्यावर ते एक दिवस एकटेच शहाडला जाऊन आले. कुठे गेला होतात, असं ताईने विचारलं तेव्हा म्हणाले, भोईरला भेटलो. तिथे काय झालं ते आम्हाला आत्ता, ते गेल्यानंतर कळलं. भोईर समाचाराला आले होते. भावोजींच्या हाताखाली ते तरुण केमिस्ट म्हणून कामाला होते. भावोजींच्या निवृत्तीच्या सुमाराला एक निळा माल तयार झाला. तो लालसर आहे असं भोईर म्हणत होते, नव्याने आलेलं रंग मोजायचं यंत्रही तेच दाखवत होतं. भावोजींनी सगळ्यांदेखत सांगितलं, की यंत्राला डोळे नसतात आणि तुलाही नाहीत. माल गेला आणि गिऱ्हाईकाकडून परत आला. साठवणुकीत बिघडला असं ठरवण्यात आलं, ती जबाबदारी भोईरांची म्हणून ठपका त्यांच्यावर आला आणि वर्षभरात त्यांनी ती नोकरी सोडली.

"सर आलेले माझ्याकडे," भोईर सांगत होते. "दारातच उभे राहिले. म्हणाले, भोईर, तो माल लालसर होता, तू बरोबर होतास. मी म्हटलं, सर, आत तरी या. येईनात. बायको पाणी घेऊन आली तेव्हा बसले." त्यांनी हातातला पेला खाली ठेवला. "माल लालसर होता ते मला माहीतच होतं. राग पण होता, खूप वर्षं होता. पण सरांना दिसतच नव्हतं हे ऐकल्यावर... तो राग कुठे ठेवायचा तेच कळेना."

ताई ऐकत होती. तिने भोईरांना चहा घेऊनच जा असं सांगितलं.

शहाडहून आल्यानंतरच्याच आठवड्यात भावोजी ताईला घेऊन दुकानात गेले. शाई तू निवड, म्हणाले. ताईला आधी ते चेष्टेचं वाटलं. मग तिने भरपूर वेळ लावला. दुकानदाराने नमुन्याचे कागद पसरले, ती एकेक उचलून बघत राहिली, आणि भावोजी बाहेर पायरीवर जाऊन बसले, आपल्या चेहऱ्यावरून तिला काही कळू नये म्हणून. हे ताईनेच मला हसत सांगितलं. तिने मोरपंखी उचलला. इतकी वर्षं ज्या झाकेपायी बाटल्या बाद होत होत्या, तीच झाक त्यात उघड होती.

"यात हिरवा आहे," घरी आल्यावर भावोजी म्हणाले.

"आहे. मला आवडतो."

त्यांना तो रंग आवडला की नाही, हे मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि त्यांनीही आपण होऊन सांगितलं नाही. पण त्यानंतर दुसरी शाई घरात आली नाही. माझ्या गेल्या वाढदिवसाचं पत्रही मोरपंखीच होतं. त्या शाईनंतर ताई कपडे घ्यायला गेली की भावोजी दुकानाच्या खुर्चीत पिशव्या सांभाळत बसत. तिच्या काही साड्या मला भडक वाटायच्या. ती त्या नेसते.

परवा डोंबिवलीला गेले होते. दार लोटलेलंच होतं. ताई चहा संपवून टेबलाशी बसली होती आणि मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर भावोजींच्या पेनाने रेघा ओढत होती. आडव्या, साध्या रेघा. कागद निम्म्याहून अधिक भरला होता. काय लिहितेस, असं मी विचारलं.

"काही नाही गं. रोज थोडं चालवलं नाही तर निब सुकते," ती म्हणाली. अजून एक रेघ ओढली, निब जुन्या रुमालाने पुसली आणि टोपण लावून पेन टेबलावर भावोजींच्या बाजूला ठेवलं.