रापण लहान केली तो हिवाळा

ओरोसच्या कचेरीतली नोकरी संपवून मी कुणकेश्वरजवळच्या आमच्या किनाऱ्यावर राहायला आलो, तेव्हा साठीचा होतो. तरी रापणीवर माझी गणना तरुणांत झाली. होडीने समुद्रात अर्धगोल जाळं सोडायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढायचे, याला चाळीसेक माणसं लागतात. आम्ही एकोणीस होतो. मुलं मुंबईत, गोव्यात, आखातात.

थंडीतल्या एका सकाळी धुकं इतकं दाट होतं की पलीकडच्या दोरावरची माणसं दिसत नव्हती, त्यांचं खोकणं तेवढं ऐकू येत होतं. मग दोर अचानक जड झाला. होडीतून हाक आली, बांगड्यांचा मोठा थवा सापडला होता. आम्ही ओढत राहिलो. मासे विकणाऱ्या वहिनी टोपली खाली ठेवून दोराला लागल्या. शेजारच्या वाडीतून तीन म्हातारे आले. पाय वाळूत रुतत गेले, पण जाळं जागचं हलेना.

आमचे तांडेल, म्हणजे रापणीचे म्होरके, काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्यांनी दोरावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला.

"अर्धे सोडूया," ते म्हणाले. "बळ आसा तितकोच मासो आपलो."

होडीतल्यांनी जाळ्याची वरची कड पाण्याखाली दाबली. धुक्याखाली समुद्र आतून उजळल्यासारखा झाला. चंदेरी, निळं काहीतरी सळसळत निघालं आणि खूप वेळ जातच राहिलं. मला झोपेत असल्यासारखं वाटत होतं, आणि वाईट वाटायला हवं तेवढं वाटत नव्हतं.

मासे न्यायला रस्त्यावर थांबलेली व्यापाऱ्याची बर्फाची गाडी निम्मी रिकामी परतली. पुढे व्यापाऱ्याने ती आमच्याकडे पाठवणंच बंद केलं. काकांच्या अंगणात बसून आम्ही रापण कापली, आमच्या हातांना झेपेल एवढी ठेवून कडा पुन्हा शिवल्या. काका सुई ओवायला माझ्याकडे देत. उरलेलं जाळं कुणी परसातल्या भाजीला कुंपण म्हणून नेलं.

आता मिळतात ते मासे आमच्याच चुलींना पुरतात. वहिनी विकायचे मासे आणायला सकाळच्या एसटीने देवगडच्या बंदरावर जातात. ओढताना पूर्वीसारखा दम लागत नाही. कधी कधी हात मात्र नकळत जास्त वजनाची वाट बघतात.