मागच्या दाराची बादली

मी निघाले त्या दिवशी अप्पा मला वापी स्टेशनवर सोडणार होते. दुपारी सिल्वासाजवळच्या खडोलीतल्या कारखान्यात लाइट नुसती झपकली आणि लगेच आलीही, पण तेवढ्यात त्यांच्या मशीनवरचे सगळे धागे तुटले. ते पुन्हा ओवून होईपर्यंत कुणालाच सुट्टी नव्हती. मग वहिनीनेच मला स्कूटरवर घातलं. स्टेशनवर अप्पांचा फोन आला, "जाय पोरी. ही लाइट कशी टिकाडतस ते शिकी ये."

मी चेन्नईला अणुऊर्जा शिकायला चालले होते. शेजारच्या गुजराती काकी मला 'बॉम्बवाळी' म्हणायच्या. मीही हसायचे.

तुमच्यापैकी जे आमच्यासारखे धुळ्याहून सिल्वासाला आलात आणि जे तिथूनही पुढे गेलात, त्यांना कळेल. घर सोडताना रडू येतं, पण खरं कठीण असतं ते परत जाणं.

दुसऱ्या वर्षी आम्हाला एक अणुवीज केंद्र दाखवायला नेलं. सूर्य मावळला, वारा पडला तरी ते एकसारखी वीज देत राहतं. मला अप्पांचे धागे आठवले. बाहेर पडताना प्रत्येकाला यंत्रात उभं करून अंगावर किरणोत्सर्गी कण नाहीत ना ते तपासलं. माझ्या अंगावर काही नव्हतं. तिथून थेट दिवाळीला घरी आले आणि वहिनीच्या गळ्यात पडले. तिला तिसरा महिना होता.

दिवाळी सरली आणि वहिनीचं बाळ गेलं. पहिल्या महिन्यांत असं होतं, कुणाचा दोष नसतो, असं डॉक्टर म्हणाल्या. घरातही कुणी मला काही बोललं नाही. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

पुढच्या सुट्टीत पोचले तर मागच्या दाराशी गरम पाण्याची बादली होती, त्यात कडुलिंबाचा पाला. मयताहून आलेल्या माणसासाठी ठेवतात तशी. आई म्हणाली, "पहिले आंग धोई ले बेटा, मंग घरमा ये." अणूचं काहीतरी मी अंगावर घेऊन येते असं तिला वाटत होतं. माझं डोकंच फिरलं. जेवताना मी तिला सगळं समजावलं. कोळशाची, पाण्याची, अणूची वीज त्याच तारांतून येते, या ट्यूबलाइटमध्येही ती असेल. अप्पा मन लावून ऐकत होते. आईने "व्हय बेटा" म्हणत भाकरी वाढली. पुढच्या खेपेला बादली होतीच.

वहिनीला पुन्हा दिवस गेले. डोहाळजेवण ठरलं तसा आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलत राहिली, मुद्द्याला हात घालेना. मला तिची कीव आली आणि रागही आला. मीच म्हणाले, "आई, माझी परीक्षा आहे गं. जमणार नाही." "बरं बेटा, अभ्यास कर," ती म्हणाली. आवाज इतका मोकळा झाला की मी फोन ठेवून ढसाढसा रडले.

परीक्षा नव्हती. भौतिकशास्त्राने मला खात्री दिली होती आणि तरीही मी गेले नाही. आईला घाबरून नव्हे. पुन्हा काही झालं तर वहिनी माझ्याकडे कशी बघेल, याची मला भीती वाटली.

आज वहिनीने हिरव्या साडीतला फोटो पाठवलाय. डोक्यावर तीच ट्यूबलाइट. अणूची वीज त्या घरात रोज जाते, तिला कुणी दारात थांबवत नाही.

घर कुठलं विचारलं की मी अजून सिल्वासाच सांगते. बाळ सुखरूप येऊ दे. मग मी मागच्या दारानेच जाईन, आई म्हणेल तितक्यांदा अंग धुवीन.